जुन्या इंजिनाला जाड ऑइल : ही समजूत आली कुठून?



मे महिना लागला की एकच प्रश्न पन्नास तोंडांनी येतो. "ट्रॅक्टर जुना हाय, धूर मारायलाय, जाड ऑइल टाकू का?" आणि गावातला प्रत्येक मिस्त्री एकच उत्तर देतो, "चाळीस नंबर टाक, गप बसंल." हे उत्तर त्याला त्याच्या उस्तादानं दिलं, उस्तादाला त्याच्या उस्तादानं. कुणी खोटं बोलत नाही. पण हे उत्तर ज्या काळातलं आहे त्या काळातलं इंजिन, डिझेल आणि ऑइल, तिन्ही बदललंय. म्हणून आज थोडा इतिहास. सर्व्हिसिंगच्या आधी वाचून घ्या, बोअर-पिस्टनचा खर्च किती येतो ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

आपल्याकडं इंजिनाच्या आधी तेल लागायचं ते बैलगाडीला. वंगण हा शब्दच तिथला. एरंडेल तेलात जळालेल्या चिंध्यांची नाहीतर गवताची काजळी कालवायची, काळं चिकट वंगण तयार. गाडीखाली नळकांडं टांगलेलं, त्यात काडी. लांबचा बाजार असला की निघायच्या आधी चाक ढिलं करून आसाला वंगण लावायचं. वंगण सुकलं की चाक करकरायचं, आणि कोणाची गाडी येतेय ते आवाजावरून कळायचं. आता विचार करा, आस उघडा, चाक हळू फिरणारं, वर दहा-बारा पोत्यांचा भार. पातळ तेल लावलं तर ते खाली गळून जाणार. तिथं जाड तेच बरोबर. आपल्या डोक्यात "ताकदीचं तेल म्हणजे जाड तेल" हे जे बसलंय, त्याचं मूळ माझ्या मते या आसात आहे.

एरंडावरून एक गंमत सांगतो. आपण निजामाच्या राज्यात होतो तेव्हा हैदराबाद संस्थान एरंडाच्या उत्पादनात देशात पुढं होतं, जास्त लागवड तेलंगणाच्या बाजूला. हे एरंडेल जगात कुठं चाललं होतं? विमानात. इंग्लंडच्या वेकफिल्ड कंपनीनं १९०९ मध्ये एरंडेल मिसळलेलं इंजिन ऑइल काढलं आणि त्याला नाव दिलं कॅस्ट्रॉल. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर ऑइल म्हणतात, त्यावरून हे नाव. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची ती गोल फिरणारी इंजिनं एरंडेलावरच चालायची, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही आणि तापलं तरी धातूला धरून राहतं. दोष एकच, तापून तापून त्याचा डिंक होतो. विमानाचं इंजिन थोड्या तासांनी उघडून साफ करत होते म्हणून चालून गेलं. शेतातलं इंजिन असं कोण उघडणार? त्यामुळं पुढं जमिनीतून निघालेल्या खनिज तेलानं एरंडेलाला बाजूला सारलं.

आता विहिरीवर येऊ. भारतात डिझेल इंजिन बनवायला सुरुवात झाली ती आपल्याच महाराष्ट्रात, साताऱ्याला, १९३३ मध्ये, धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे प्रधानमंत्री होते. त्या वेळी प्रांताच्या मुख्यालाही प्रधानमंत्रीच म्हणत.) १९४६ ला पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामातून सुटला, त्यामुळं इंजिनं आपल्याकडं जरा उशिरानंच आली. पण आली ती अशी आली की शब्दच ठरून गेला. आजही आपल्याकडं विहिरीवरचं "इंजिन" म्हणजे डिझेलचं आणि "मोटार" म्हणजे विजेची. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी खोल गेल्या तशी इंजिनांची फटफट गावोगाव वाढली.

त्यात एक जात होती मोठ्या चाकाची, हँडल मारून चालू व्हायची. मूळ इंग्लंडच्या लिस्टर कंपनीचं १९२९ चं डिझाइन, नंतर राजकोटच्या कारखान्यांनी त्याच्या हुबेहूब प्रती काढल्या. मिनिटाला साडेसहाशे फेरे. एवढ्या संथ इंजिनात ऑइल दाबानं पाठवायची भानगडच नाही. कनेक्टिंग रॉडच्या खाली एक छोटी पळी, ती चेंबरमधल्या ऑइलात बुडते आणि उडवते. त्या शिंतोड्यावर सगळं चालतं. फिल्टर नाही. मग घाण जाते कुठं? तळाला बसते. त्या काळचं ऑइल साधं होतं, त्यात काही औषध मिसळलेलं नसायचं, त्यामुळं काजळी आणि कीस खाली गाळासारखा बसायचा आणि वरचं ऑइल बऱ्यापैकी स्वच्छ दिसायचं. वर्षातून एकदा चेंबर उघडून गाळ खरवडायचा. या इंजिनाला तीस-चाळीस नंबरचं साधं ऑइल हे अगदी योग्य होतं. आजही कुणाकडं असं इंजिन चालू असेल तर त्याला तेच द्या. भारी डब्यातलं ऑइल घाण खाली बसू देत नाही, तरंगत ठेवते, आणि ती पकडायला इथं फिल्टरच नाही.

पण ट्रॅक्टर म्हणजे लिस्टर नव्हे. इथूनच खरी गोष्ट सुरू होते.

१९३० च्या दशकात अमेरिकेत कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांना एक रोग लागला. पिस्टनच्या खाचेत कार्बन जमून रिंगा चिकटायच्या. रिंग चिकटली की कॉम्प्रेशन गेलं आणि ऑइल वर जळायला लागलं. ऑइल जाड टाकून पाहिलं, पातळ टाकून पाहिलं, उपयोग शून्य. शेवटी १९३५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइलनं डेलो नावाचं ऑइल काढलं. त्यात धातूच्या साबणासारखा पदार्थ मिसळला होता. आपण भांडं घासतो तसं हे ऑइल रिंगांच्या खाचा धूत राहायचं. या गुणाला डिटर्जंट म्हणतात, कपड्याच्या पावडरीचा शब्द तोच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करानं आपल्या गाड्यांसाठी असंच ऑइल सक्तीचं केलं आणि त्याला २१०४ असा नंबर दिला. जुन्या डब्यांवर एमआयएल-एल-२१०४ असं लिहिलेलं दिसतं ते हेच. १९४७ ला अमेरिकेच्या पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं ऑइलांचे तीन वर्ग पाडले, रेग्युलर, प्रीमियम आणि हेवी ड्युटी. आपल्याकडचं "एचडी चाळीस" यातलं एचडी म्हणजे हेवी ड्युटी. आपण मात्र त्याचा अर्थ लावला "जड". खरं तर एचडी म्हणजे साबण असलेलं. जाडीशी त्याचा काही संबंध नाही.

आता काळ्या रंगाचं बघा. ऑइल बदललं, दोन दिवस नांगरट केली, गेज काढून बघितली तर ऑइल काळं. लोक दुकानदाराशी भांडायला जातात, "डुप्लिकेट दिलं." डिझेल इंजिनात चांगलं ऑइल लवकर काळं पडतंच, कारण ते काजळी पोटात घेऊन फिरतं. ती काजळी ड्रेन नट काढला की बाहेर जाते. ऑइल जर तीन महिने सोन्यासारखं पिवळं दिसलं, तर काजळी कुठं बसली असेल याची काळजी करा. डुप्लिकेट माल बाजारात आहे हे खरंय, मला एकदा गावाजवळच्या एका दुकानात सील उचकटून परत चिकटवलेला डबा मिळाला होता. पण तो ओळखायचा सीलवरून आणि बिलावरून. रंग बघून तो कळत नाही.

नंबराकडं येतो. ऑइलाचे वीस, तीस, चाळीस हे नंबर अमेरिकेतल्या एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेनं १९११ पासून लावले. नंबर म्हणजे ताकद नव्हे, प्रत नव्हे, फक्त घट्टपणा, आणि तोही तापलेल्या अवस्थेतला, १०० अंशाला मोजलेला. काकवी आठवा. चुलीवरून उतरवली की पाण्यासारखी धावते, थंड झाली की चमच्याला सोडत नाही. ऑइलाचं तसंच. चाळीस नंबरचं ऑइल तापलेल्या इंजिनात जसं पाहिजे तसं असतं, पण डिसेंबरच्या पहाटे ते काकवी झालेलं असतं.

आणि आपल्या परभणीची हवा तुम्हाला माहीतच आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ च्या पुढं जातो, आणि २०१८ च्या डिसेंबरअखेर कृषी विद्यापीठात तो ३ अंशांच्या आसपास उतरला होता. पूर्वीच्या ट्रॅक्टरांच्या पुस्तकात म्हणूनच तक्ता असायचा, थंडीत वीस, मधल्या हवेत तीस, कडक उन्हात चाळीस. ऋतू बदलला की ऑइल बदला. आपल्याकडं एवढं कोण करतं? उन्हाळा मोठा, म्हणून बारा महिने चाळीस. ही झाली "जाड ऑइल" समजुतीची दुसरी जागा, आणि ती अगदीच चुकीची नव्हती.

१९५० च्या दशकात मल्टिग्रेड ऑइल आलं. त्यात अशी लांब साखळीची रसायनं असतात की गरम झाल्यावर ती पसरतात आणि ऑइल फार पातळ होऊ देत नाहीत. डब्यावर दोन नंबर असतात. १५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडीचा नंबर. मागचा ४० हा तापल्यानंतरचा. लक्षात घ्या, एचडी चाळीस असो, २०डब्ल्यू-४० असो की १५डब्ल्यू-४० असो, १०० अंशाला तिन्ही एकाच पट्ट्यात बसतात, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक. म्हणजे भर उन्हात रोटा मारताना तिघांची जाडी सारखीच. फरक आहे तो पहाटे स्टार्टर मारताना. मल्टिग्रेड पटकन वर चढतं, चाळीस नंबर वेळ लावतं. आणि इंजिनाची झीज मोठ्या प्रमाणात होते ती याच पहिल्या काही सेकंदांत, ऑइल पोचायच्या आधी. "१५ म्हणजे पातळ, आपल्या उन्हाला चालायचं नाही" असं म्हणणारे आमच्याकडं लई जण आहेत. त्यांना मी दुसरा नंबर वाचायला सांगतो.

माझ्याकडं जो जुना ट्रॅक्टर आहे तो एचएमटीचा. सरकारी कंपनी, १९७१ पासून हरियाणातल्या पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरचं तंत्र घेऊन ट्रॅक्टर काढायची. २०१६ मध्ये सरकारनं तो कारखाना बंद करायचा निर्णय घेतला. आता डीलर नाही, पुस्तक फाटलेलं, विचारायचं कुणाला? असे पोरके झालेले ट्रॅक्टर आपल्या जिल्ह्यात अजून पाणी ओढतात, मळणी करतात. त्यांच्या मालकांसाठीच हे लिहितोय.

तर ट्रॅक्टर बनला तेव्हा डिझेल कसं होतं ते बघा. तेव्हाच्या आपल्या डिझेलात गंधक १ टक्क्यापर्यंत चालायचं. गंधक जळलं आणि वाफेशी मिळालं की गंधकाचं आम्ल तयार होतं, आणि ते लायनर आणि रिंगा खातं. म्हणून ऑइलात अल्कली घालावी लागायची. आपण आंबट झालेल्या जमिनीत चुना टाकतो तसाच प्रकार. अल्कली संपली की आम्ल धातूला लागलं. जुन्या पुस्तकात ऑइल लवकर बदला असं लिहिलेलं असायचं, त्याचं एक मोठं कारण हे. पुढं गंधक उतरत गेलं. २००० साली पाव टक्का झालं, आणि एप्रिल २०२० पासून देशभर बीएस सहाचं डिझेल आलं, त्यात गंधक फक्त १० पीपीएम. हिशोब करा, हजारपट कमी. जुन्या इंजिनाला आयुष्यात पहिल्यांदा इतकं निर्मळ डिझेल मिळतंय. ऑइलावरचा आम्लाचा भार जवळपास गेला.

मग ऑइल बदलायचे तास वाढवावेत का? माझं मत, नाही. आम्ल कमी झालं पण झिजलेल्या रिंगांतून काजळी खाली उतरतेच, आणि आपल्या काळ्या मातीची धूळ काही बीएस सहाची झालेली नाही. पुस्तकात जेवढे तास आहेत तेवढ्यालाच बदला. मीटर बंद असेल तर वहीत लिहा.

आता डब्यावरची अक्षरं. एपीआयच्या पुढं सी असेल तर डिझेल, एस असेल तर पेट्रोल. सी च्या पुढचं अक्षर जितकं पुढचं तितकं ऑइल नंतरच्या काळातलं. सीडी हे १९५५ चं, आपल्या जुन्या ट्रॅक्टरांच्या पुस्तकात बहुधा तेच किंवा त्याच्या जवळचं सापडेल. सीएफ-४ आलं १९९० ला, सीएच-४ आलं १९९८ ला, सीआय-४ २००२ ला. त्याच्या पुढची सीजे-४ आणि सीके-४ ही मुख्यतः धुराड्यात फिल्टर बसवलेल्या नव्या गाड्यांसाठी बनली, त्यात राख कमी ठेवावी लागते. जुन्या ट्रॅक्टरला त्याचे जादा पैसे मोजायची गरज नाही. मी स्वतः १५डब्ल्यू-४०, सीएच-४ किंवा सीआय-४ वापरतो. आयएसआय शिक्का, नीट सील आणि पक्कं बिल असलं की मला कंपनीचं नाव महत्त्वाचं वाटत नाही. सर्व्हो १९७२ चं, इंडियन ऑइलचं. एचपी आणि मॅक ही पण सरकारीच. पूर्वी हा धंदा एस्सो, बर्मा-शेल, कॅल्टेक्सच्या हातात होता, १९७४ ते १९७६ मध्ये सरकारनं त्या घेतल्या.

सुरुवातीचा धुराचा प्रश्न राहिला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रिंगा झिजल्या असतील किंवा व्हॉल्व्हच्या गाईड. जाड ऑइल टाकलं तर धूर थोडा कमी होतो, गेजचा काटा वर जातो आणि टकटक आवाज दबतो. हे सगळं दिसायला. पण काटा दाब दाखवतो. ऑइल किती पोचलं ते दाखवत नाही. जाड ऑइल अरुंद वाटेनं हळू जातं, म्हणून दाब जास्त आणि पोचणारं ऑइल कमी असं होऊ शकतं. बैलबाजाराशेजारी जुने ट्रॅक्टर विकायला उभे असतात, त्यातल्या काहींच्या इंजिनात गिअरचं नव्वद नंबर ओतलेलं असतं, ते याचसाठी. जुना ट्रॅक्टर घ्यायला जाताय तर सकाळी लवकर जा, इंजिन गार असताना तुमच्यासमोर चालू करायला लावा, ऑइलची काडी काढून दोन बोटांत चोळून बघा. तार निघाली तर व्यवहार थांबवा. एक मात्र मान्य करतो, इंजिन खरंच झिजलंय आणि काम काढायला हंगाम संपेपर्यंत पैसे नाहीत, तर त्या दोन महिन्यांपुरतं २०डब्ल्यू-५० चालवायला माझी हरकत नाही. मात्र ते दुखणं दाबणं झालं, दुरुस्ती नव्हे, हे धरून चाला.

वर्षानुवर्षं साध्या ऑइलवर चाललेल्या इंजिनात एकदम साबणवालं ऑइल टाकताना एक सावधगिरी. ते आतला जुना थर सोडवायला लागतं आणि ते तुकडे जाळीत अडकू शकतात. म्हणून पहिलं ऑइल निम्म्या तासांतच काढा, सोबत फिल्टर बदला. दुसरं पुस्तकाप्रमाणं चालवा. त्यातही काळजी वाटत असेल तर चेंबर खाली घेऊन जाळी धुऊन घ्या, मिस्त्रीचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आणि एक जागा सगळे विसरतात. जुन्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरमध्ये खाली ऑइलचा वाडगा असतो. हवा त्या ऑइलावरून जाते आणि धूळ तिथं चिकटते. त्यात इंजिनातलंच नवं ऑइल टाकायचं, खुणेपर्यंतच. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. जळकं ऑइल तिथं टाकू नका, काही लोक काटकसर म्हणून टाकतात. सोयाबीनच्या मळणीत तर रोज संध्याकाळी वाडगा उघडून बघा, तळाला चिखल जमला असेल तर लगेच बदला. माझ्या अंदाजानं आपल्याकडची निम्मी इंजिनं ऑइलच्या नंबरानं नाही, या वाडग्यातल्या धुळीनं जातात.

काढलेलं जळकं ऑइल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका, थोडंसं ऑइल बरंच पाणी नासवतं. डब्यात साठवून जुनं ऑइल विकत घेणाऱ्याला द्या. काही जण ते फाटकाच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात, तेवढं ठीक.

हायड्रॉलिक आणि गिअरच्या ऑइलाचं गणित वेगळं आहे. ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असतील तर तिथं इंजिनाचं ऑइल अजिबात टाकू नका. त्यावर पेरण्या उरकल्या की लिहितो. तुमच्याकडं जुन्या ट्रॅक्टरचं मूळ पुस्तक असेल तर वंगणाच्या तक्त्याच्या पानाचा फोटो टाका, मेकसहित. ज्यांची पुस्तकं फाटली त्यांना उपयोगी पडेल.